समुद्रकाठची सुरूची बने

चेन्नईहून महाबलीपुरमच्या जुन्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की शोळिंगनल्लूर लागते. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. पश्चिमेस पळ्ळिकरणैची दलदल, पूर्वेस बकिंगहॅम कालवा, आणि कालव्यापलीकडे वाळूची पट्टी व बंगालचा उपसागर. या पट्टीने आणखी खाली गेले म्हणजे घरांच्या मधूनमधून सुरूची बने दिसू लागतात. काशीदचा किंवा दिवेआगरचा किनारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती ओळखीचीच वाटतील. तमिळमध्ये या झाडाला सवुक्कु म्हणतात.

दोन्ही किनाऱ्यांवर हे झाड पाहुणे आहे. पश्चिमेकडे त्याची लागवड १८६८ च्या सुमारास कारवार येथे झाली. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मद्रासकडे आगगाडीच्या इंजिनांना आणि शहरातील चुलींना जळण हवे होते, म्हणून चेंगलपट्टु व नेल्लोरच्या वाळवंटी पट्ट्यांत सुरूचे मळे उभे राहिले. इंजिने कोळशावर गेली तरी मळे राहिले, कारण बांधकामाच्या वाशांना आणि पुढे कागदाच्या लगद्याला मागणी आली. निकस वाळूत हे झाड तग धरते, त्याचे रहस्य मुळांत आहे. त्यांवरील गाठींत फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव राहतात आणि हवेतील नत्र झाडाला पुरवितात. आपण ज्यांना सुरूची पाने म्हणतो त्या वस्तुतः सांध्यासांध्यांच्या हिरव्या काड्या होत. खरी पाने सांध्यावरच्या बारीक खवल्यांएवढीच उरली आहेत. पाण्याची काटकसर याहून अधिक ती काय करावी!

असे काटक झाडही आता कसोटीला लागले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पुरात बुडाली. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळाने शहरातील हजारो झाडे पाडली. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव कोरडे पडले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील सुरूची बनेही आडवी केली. यांतील प्रत्येक आपत्ती केवळ तापमानवाढीमुळेच आली, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि समुद्र तापला की वादळाला अधिक बळ मिळते आणि तापलेली हवा अधिक बाष्प वाहून नेते, हे भौतिकशास्त्र निर्विवाद आहे. जेथे भूजल उथळ असते तेथे मुळे खोल न जाता आडवी पसरतात. दाट लावलेली झाडे उंच पण शेलाटी होतात. आणि भिजलेल्या वाळूची पकड सुटली की अशी झाडे वाऱ्यापुढे टिकत नाहीत.

मग उपाय कोणता? येथे सुरूला एक मोठी सवलत आहे. केरळातील नीलांबूर येथे १८४६ मध्ये लावलेला साग अद्याप उभा आहे. आज सागाचे रोप लावणाऱ्याला साठ-सत्तर वर्षांनंतरचे हवामान ताडावे लागते. तमिळनाडूतील शेतकरी सुरूची तोड तीन ते पाच वर्षांत करतो. म्हणजे प्रत्येक तोडीनंतर वाण बदलण्याची संधी त्याला मिळते. कोइंबतूरच्या वन-आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्थेने याच दिशेने काम केले आहे. नेहमीच्या सुरूखेरीज जावा, बाली, तिमोर या बेटांवरील डोंगरी सुरू तिने निवडून वाढविला, दोहोंचे संकरही केले आणि वारारोधक पट्ट्यांसाठी वेगळे वाण दिले. डोंगरी सुरू कोरडी व चिकण जमीनही बरीच सोसतो.

परंतु या निवडीतच एक धोका दडला आहे. छाटकलमांपासून वाढविलेली सारी रोपे एकाच झाडाची प्रतिकृती असतात. खोडावर फोड आणून झाड वाळविणारा बुरशीचा रोग सुरूला जडतो, आणि एक कलम त्याला बळी पडणारे निघाले तर त्या कलमाचा सबंध मळा धोक्यात येतो. म्हणून एका मळ्यात अनेक वाण असावेत, निरनिराळ्या वयांच्या ओळी असाव्यात. कारखान्याला एकसारखे लाकूड सोयीचे, आणि शेतकऱ्याला वजनावर पैसा. तेव्हा मिश्र लागवडीत पहिल्या तोडीला तूट आली तर ती एकट्या शेतकऱ्याने सोसावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सरकारी पट्ट्यांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. तेथे तोडीची घाई नाही. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर किनाऱ्यावर सुरू मोठ्या प्रमाणात लावला गेला. काही ठिकाणी तो भरतीरेषेच्या अगदी लगत आला. वास्तविक लाटेला पहिला अडसर वाळूच्या टेकड्यांचाच असतो. त्या सपाट करून झाडे लावणे हा उफराटा व्यवहार होय. शिवाय या किनाऱ्यावर जानेवारी ते मार्च या काळात रात्री ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात, आणि त्यांना उघडी वाळू लागते. तेव्हा सुरूची ओळ टेकडीच्या मागे हटवावी, आणि तिच्या आडोशाला उंडी, करंज, भेंड, ताड व खिरणी ही इथलीच झाडे लावावीत. त्यांची वाढ सावकाश होते. तोवर खारा वारा अडविण्याचे काम सुरूने करावे, आणि ती मोठी झाली की सुरू विरळ करीत जावा.