फौजींच्या गावांतील अवचित बार

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचे सैन्याशी असलेले नाते काही मोजक्या घराण्यांच्या पराक्रमापुरते नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपजीविकेचे नाते आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या कुटुंबांना फौजेतला पगार आणि त्यामागून येणारी पेन्शन हाच खात्रीचा आधार वाटत आला, आणि त्यामुळे भरतीच्या मैदानावर धावणे हा या भागातील तरुणांच्या आयुष्याचा जवळजवळ ठरलेला टप्पा झाला. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सर्वांत जुन्या पलटणीची उभारणी १७६८ साली झाली आणि जिचे प्रशिक्षण केंद्र आज बेळगावात आहे, त्या रेजिमेंटला या दोन जिल्ह्यांनी सातत्याने माणसे पुरवली. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला असून पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आल्याची नोंद तेथील स्मारकावर आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली.

याच मुलुखाला दारूकामाचीही तितकीच हौस आहे. दिवाळी, गणपतीचे विसर्जन, गावची जत्रा, लग्नाची वरात, ग्रामपंचायतीच्या निकालाचा गुलाल यांपैकी कोणताही प्रसंग फटाक्यांच्या माळेवाचून पुरा झाला असे मानले जात नाही. पेन्शनवर आलेले फौजी ज्या गल्ल्यांत राहतात त्याच गल्ल्यांत हे बार उडतात, आणि त्यांतील काहींच्या मनावर व शरीरावर या आवाजांचा जो परिणाम होतो त्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही.

हा परिणाम ज्या विकाराशी जोडलेला आहे त्याला वैद्यकशास्त्रात ‘पीटीएसडी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते आणि मराठीत ‘आघातोत्तर ताणविकार’ म्हटले जाते. जिवावर बेतलेला किंवा दुसऱ्याचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहायला लावणारा अनुभव घेतल्यानंतर महिना उलटूनही जेव्हा तो प्रसंग स्वप्नांतून वा जागेपणी पुन:पुन्हा घडल्यासारखा वाटत राहतो, त्याची आठवण करून देणारी माणसे, जागा आणि गोष्टी टाळल्या जातात, मन बधिर किंवा अपराधी होते आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे सावध राहते, तेव्हा हे निदान केले जाते. काही जणांत ही लक्षणे सहा महिन्यांनी, तर काहींत निवृत्तीनंतर अनेक वर्षांनी उघड होतात, कारण नोकरीतली शिस्त, सोबत्यांची संगत आणि दिवसाचे बांधलेले वेळापत्रक यांनी जे झाकून ठेवलेले असते ते घरी रिकामपणी वर येते. लढाई पाहिलेल्या प्रत्येकाला हा विकार होत नाही, किंबहुना बहुतेकांना होत नाही. म्हणून प्रत्येक निवृत्त सैनिकाकडे रुग्ण म्हणून पाहणे हाही त्याच्यावर अन्यायच ठरेल.

फटाक्याचा आवाज या विकारात एवढा का बोचतो, हे समजण्यासाठी दचकण्याची क्रिया लक्षात घ्यावी लागते. अचानक मोठा आवाज झाला की मान आखडते, खांदे वर जातात, पापण्या मिटतात, आणि हे सारे विचार सुरू होण्याआधीच, सेकंदाच्या छोट्याशा अंशात घडते. त्याच वेळी मेंदूतील ‘अमिग्डाला’ हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची सूचना देतो, रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते आणि छातीचे ठोके वाढतात. यानंतर मेंदूचे दुसरे भाग, विशेषत: स्थळकाळाचे भान ठेवणारा ‘हिप्पोकॅम्पस’ आणि कपाळामागचा विवेकाचा भाग, हा आवाज फटाक्याचा आहे आणि आज दिवाळी आहे असा निर्वाळा देतात व शरीर शांत होते. आघातोत्तर ताणविकारात सूचना देणारा भाग अतिदक्ष झालेला असतो आणि निर्वाळा देणारे भाग त्याला आवरण्यात कमी पडतात, त्यामुळे आपण साताऱ्यात ओसरीवर बसलो आहोत हे त्या माणसाला ठाऊक असूनही त्याचे शरीर उरी किंवा कुपवाड्याच्या चौकीवर असल्यासारखे वागते. निरोगी माणसाचे दचकणे दहाव्या बारापर्यंत सरावाने कमी होते. या विकारात तो सराव नीट होत नाही. त्यात जळक्या दारूचा वास भर घालतो, कारण गंधाचे संदेश मेंदूच्या भावनांशी संबंधित भागांपर्यंत इतर संवेदनांच्या मानाने फार थेट पोहोचतात. तोफखान्यात नोकरी झालेल्यांची श्रवणशक्ती पुष्कळदा मंदावलेली असते, आणि घरच्यांना वाटते की त्यांना ऐकूच येत नाही तर त्रास कसला. पण जवळच्या स्फोटाचा धक्का छातीत आणि जमिनीतूनही जाणवतो, त्याला कानांची गरज नसते.

या सगळ्यात आवाजाच्या मोठेपणाइतकाच, कदाचित त्याहून अधिक, महत्त्वाचा घटक त्याचा अवचितपणा हा असतो. केव्हा, कोठून आणि किती वेळ आवाज येणार हे आधी ठाऊक असेल तर मन तयारी करू शकते, खोलीची दारे लावता येतात, कानांत कापूस घालता येतो किंवा त्या रात्रीपुरते शेतातल्या वस्तीवर जाऊन राहता येते. पहाटे साडेपाचला बोळात कोणी पेटवलेल्या एकाच सुतळी बॉम्बला मात्र यांपैकी कोणतीही तयारी पुरी पडत नाही.

युद्धाने मनाला होणारी जखम ही पाश्चात्त्यांची आयात केलेली कल्पना आहे, असा एक समज अधूनमधून ऐकू येतो, आणि तो इतिहासाला धरून नाही. १९१५ साली इंग्रज मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तोफगोळ्यांच्या माऱ्यात सापडलेल्या सैनिकांच्या मनोविकारांचे वर्णन ‘शेल शॉक’ या नावाने केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढा घातला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करेपर्यंत तोफांचा मारा आणि उपासमार सोसलेल्या, आणि पुढे कैदेत खितपत पडलेल्या या सैनिकांपैकी जे घरी परतले, त्यांच्या शौर्याची आठवण गावांनी जपली. त्यांच्या झोपेचे काय झाले याची नोंद कोणी ठेवली नाही. दुसऱ्या महायुद्धात इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर आणि इटलीत, १९७१ साली आजच्या बांगलादेशातील जमालपूर येथे, नंतर श्रीलंकेत आणि काश्मीरमध्ये याच भागातली मुले लढत राहिली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर १९८० साली या विकाराला आजचे नाव दिले, तोवर साताऱ्यातल्या खेड्यात त्याला ‘डोकं फिरलंय’, ‘दारूच्या नादी लागला’ किंवा ‘मेजरचा स्वभावच तापट’ अशी नावे मिळत होती, आणि आजही पुष्कळ ठिकाणी तीच मिळतात.

तासगाव तालुक्यातील कवठे एकंद येथील दारूकाम या प्रश्नाच्या संदर्भात मुद्दाम विचारात घेण्यासारखे आहे. दसऱ्याच्या रात्री श्री सिद्धराजाची पालखी निघते आणि तिच्यासमोर गावातील मंडळांनी स्वत: तयार केलेल्या शोभेच्या दारूची आतषबाजी रात्रभर चालते, आकाशात फुटणारे औट, फिरती चक्रे, धबधब्यासारखी कोसळणारी प्रकाशाची झाडे पाहण्यासाठी आसपासच्या जिल्ह्यांतून लोक येतात. या परंपरेची किंमतही गावाने मोजली आहे. २०१५ साली तेथील दारूकामाच्या कारखान्यात स्फोट होऊन मजुरांचे प्राण गेले. रात्रभराच्या आतषबाजीचा ध्वनिविषयक नियमांशी मेळ कसा घालायचा हा प्रशासनापुढचा प्रश्नही आहेच. तरीही केवळ अवचितपणाच्या कसोटीवर पाहिले तर एवढ्या प्रचंड दारूकामाला दिवस ठरलेला आहे, मार्ग ठरलेला आहे, आणि ज्याला तो नको त्याला वर्षभर आधी ठाऊक असते की त्या रात्री आपण कोठे असायला हवे. दिवाळीच्या आधी आठवडाभर आणि नंतर तुळशीच्या लग्नापर्यंत वेळी-अवेळी फुटणारे सुटे बार हे आकाराने क्षुल्लक असूनही त्रासाच्या दृष्टीने अधिक वाईट ठरतात, हे म्हणणे वरवर उलटे वाटले तरी वैद्यकीय दृष्टीने सुसंगत आहे.

कायद्याने या बाबतीत जे ठरवले आहे ते पुरेसे स्पष्ट आहे. फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर १९९९ पासून बंदी आहे. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप असून त्याची मोजणी साध्या बेरजेने होत नाही. दर १० डेसिबलमागे ध्वनीची ऊर्जा दहापट होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे नियमात बसणारा फटाकाही ६४ मीटरवर सुमारे १०१ डेसिबलचा असतो, आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या बोळात तो इतकाही उतरत नाही. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती सरासरीची मर्यादा असल्याने दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, तरी अंतर केवढे आहे याचा अंदाज येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत फटाके उडवण्यास मनाई केली आणि २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीसाठी रात्री ८ ते १० हे दोनच तास ठेवून, फटाक्यांच्या माळांवर बंदी घालून, शक्य तेथे ठरावीक मैदानावर सामुदायिक आतषबाजी करण्याचा मार्ग सुचवला. त्या निकालाचे कारण प्रामुख्याने हवेचे प्रदूषण हे होते. परंतु ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा हे त्याचे दोन आधार निवृत्त सैनिकांच्या दृष्टीने नेमके उपयोगाचे आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेल्या हरित फटाक्यांचा येथे मात्र फारसा लाभ नाही, कारण त्यांत धूर आणि घातक घटक कमी केले असले तरी बार तो बारच राहतो.

अमेरिकेत ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनी हाच प्रश्न उभा राहतो आणि तेथे २०१४ च्या सुमारास एका स्वयंसेवी संस्थेने घरासमोर लावायच्या पाट्या वाटायला सुरुवात केली. या घरात लढाईवरून परतलेला सैनिक राहतो, तेव्हा फटाके उडवताना त्याचा विचार करावा, अशा आशयाच्या त्या पाट्या होत्या. हा उपाय जसाच्या तसा आपल्याकडे चालणार नाही. अपशिंगेसारख्या गावात पाटी लावायची ठरवली तर ती बहुतेक प्रत्येक घरावर लावावी लागेल, आणि जेथे मनोविकाराचा नुसता संशय मुलीच्या स्थळाआड येतो तेथे अशी पाटी लावण्याचे धैर्य कुटुंबाकडून अपेक्षिणेही योग्य नाही. शिवाय ज्याने आयुष्यभर गोळीबारात उभे राहायचे शिक्षण घेतले त्याला लवंगी फटाक्याचा त्रास होतो हे मान्य करणे म्हणजे भेकडपणाची कबुली देणे, असे त्याला स्वत:लाही वाटते. विनंती करण्याचा भार सैनिकावर टाकणारा कोणताही उपाय म्हणूनच येथे लंगडा ठरतो. तो भार गावाने उचलणे शक्य आहे, आणि त्यासाठी कोणाच्याही आजाराचा उल्लेख करावा लागत नाही: ग्रामसभेने जागा व वेळ ठरवावी, दवंडीने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून ती आधी कळवावी, आणि त्या वेळेबाहेर उडालेल्या बाराबद्दल मुलांना बोलण्याऐवजी त्यांच्या वडिलांना बोलवावे.

अलीकडे रूढ झालेल्या एका प्रथेचा विचार याच संदर्भात व्हायला हवा. जवान सेवानिवृत्त होऊन गावी येतो त्या दिवशी उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघते, औक्षण होते, डीजे लावला जातो आणि दहा हजारांची माळ त्याच्या पायांपुढे फुटते. गावाचे प्रेम यात निखळ असते याबद्दल शंका नाही, पण ज्याच्या सन्मानासाठी हे चालले आहे त्याला हा आवाज हवा आहे का, हे कोणी विचारत नाही. आणि सत्काराच्या हारांखाली उभा असलेला माणूस तेव्हा नाही म्हणू शकत नाही. लेझीम, ढोल आणि हलगी यांचा आवाज कमी नसतो, तरी त्यांना लय असते, ते वाजवणारे हात समोर दिसतात आणि पुढचा ठोका केव्हा पडणार याचा अंदाज असतो.

आवाज टाळल्याने आजार बरा होत नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे. जे भीतीदायक वाटते त्याच्याकडे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडे थोडे करून पुन्हा जाणे, आघाताची आठवण शब्दांत मांडणे आणि गरजेप्रमाणे औषधे घेणे अशा उपचारांनी अनेकांना चांगला आराम पडतो. मात्र त्या उपचारात आवाज किती आणि केव्हा ऐकायचा हे रुग्णाच्या हाती असते, आणि अवचित बार ऐकवत राहिल्याने सवय होईल ही घरगुती समजूत त्याच्या नेमकी उलट आहे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, पुण्यात सदर्न कमांडचे कमांड हॉस्पिटल आहे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मराठीतूनही बोलता येते, आणि सैन्यदलांतील लोकांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष २०२३ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. दवाखान्यात जायला न धजणारा माणूसही या क्रमांकावर नाव न सांगता आपली तक्रार मांडू शकतो, आणि पुष्कळदा हा पहिला फोन त्याने स्वत: करण्याऐवजी रात्रभर त्याच्यासोबत जागी राहिलेली त्याची पत्नी करू शकते.