मराठा मंदिर : एका थिएटरचा हिशेब

मुंबई सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडले की एस.टी.चे आगार आणि जवळच मराठा मंदिर. नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा या वस्त्यांचे हे हक्काचे थिएटर. 16 ऑक्टोबर 1958 रोजी ते सुरू झाले. पहिला चित्रपट होता बी. आर. चोप्रांचा 'साधना'. आसने हजाराच्या आसपास. एवढे मोठे घर रोज भरायचे म्हणजे धाडसाचाच धंदा.

नाव झाले ते 5 ऑगस्ट 1960 रोजी, के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'ने. दर्शनी भाग शाही महालासारखा सजवला, पृथ्वीराज कपूर यांचे चाळीस फुटी चित्र उभारले आणि रिळांचे डबे हत्तीवरून आणले. साधे तिकीट दीड रुपयाच्या घरात असताना या चित्रपटाच्या तिकिटाला 100 रुपये पडले, तरीही लोक घरचे जेवण मागवून रांगेत बसून राहिले.

या चित्रपटामागचे हात आमच्या वाचकांच्या ओळखीचे आहेत. पोशाख दिल्लीच्या शिंप्यांनी शिवले, भरतकाम सुरत-खंबायतचे, दागिने हैदराबादच्या सोनारांचे, मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांचे, जोडे आग्र्याचे. शीशमहालाचे काचकाम करायला फिरोजाबादचे कारागीर आले होते. पैसा शापूरजी पालनजी यांचा. नटांची नावे पोराटोरांनाही पाठ असतात, पण या उस्तादांपैकी एकाचेही नाव कोणी सांगत नाही. आम्हाला हे खटकते.

आता धंद्याची गोष्ट. 20 ऑक्टोबर 1995 रोजी प्रदर्शित झालेला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' येथे वर्षानुवर्षे चालला. 12 डिसेंबर 2014 रोजी त्याचे 1000 आठवडे पुरे झाले. लोकांना यात प्रेक्षकांचे वेड दिसते. आम्हाला त्यात दुकानदारी दिसते. हा चित्रपट दिवसातून एकदाच, सकाळी साडेअकराला लागतो. दुपार-संध्याकाळचे खेळ नव्या चित्रपटांसाठी मोकळे राहतात. इमारत, कामगार, वीज यांचा खर्च गिऱ्हाईक असो वा नसो चालूच असतो. सकाळची रिकामी वेळ जुन्या मालावर थोडी जरी कमाई देत असेल, तरी ती वरकमाईच.

गिऱ्हाईकही दारातच आहे. गाडी किंवा एस.टी. सुटायला तीन तास असलेला प्रवासी, सुट्टी मिळालेला कामगार. 2014 साली तिकीट 15 आणि 20 रुपये होते. एवढ्या पैशात बाहेर चहा-नाश्ता करून कुठे तरी ताटकळत बसण्यापेक्षा आत पंख्याखाली बसणे परवडते. दर वाढवला असता तर हे गिऱ्हाईक पहिले तुटले असते.

असाच डाव लॅमिंग्टन रोडच्या 'मिनर्व्हा'ने 'शोले'वर खेळला होता. तीन वर्षे पूर्ण खेळ आणि पुढची दोन मॅटिनी. ते थिएटर आज उभे नाही. म्हणजे एका चित्रपटाच्या जोरावर थिएटर टिकते, असेही नाही.

2001 साली राज्याने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. त्यांच्या दोन-तीनशे खुर्च्यांच्या पडद्यांपुढे हजार खुर्च्यांच्या या मोठ्या घराला स्वतःच वाट काढावी लागली. फेब्रुवारी 2015 मध्ये मराठा मंदिरने 'दिलवाले' उतरवल्याचे जाहीर केले, मात्र लोकांचा आग्रह पाहून काही दिवसांतच सकाळचा खेळ पुन्हा लावला. 2020 च्या टाळेबंदीत पडदा काही महिने बंद राहिला. त्या नोव्हेंबरात थिएटरे उघडली तेव्हा तोच चित्रपट त्याच पडद्यावर परत लागला.