खासदारांचे पत्र आणि अपिलाची मुदत

जीएसटीचा आदेश हाती पडला की आपल्या पेढीवरून पहिला फोन जातो तो खासदारांकडे. शिफारसपत्र मिळते, धीर येतो. आणि इकडे अपिलाचे ३ महिने सरतात. त्यापुढे सबळ कारण असेल तरच जेमतेम १ महिना. अधिकाऱ्याचा आदेश लोकप्रतिनिधी फिरवू शकत नाही. तो अपिलातच फिरतो, तेही वादग्रस्त कराचे १० टक्के भरून.

कायदाच जाचक असेल तेव्हा मात्र खासदारांचे दार अवश्य ठोठावावे. २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांचे इनपुट क्रेडिट केवळ विवरणपत्र उशिरा भरले म्हणून नाकारले जाई. २०२४ मध्ये संसदेनेच कायदा दुरुस्त करून ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंतची विवरणपत्रे ग्राह्य धरली. असे निवेदन व्यापारी संघटनेच्या नावाने, कलमाच्या उल्लेखासह द्यावे. अपील मात्र त्याची वाट न पाहता दाखल व्हावे.