सातभाईंच्या घरट्यातला पावशा

पावशा कोकिळेच्या कुळातला, पण दिसायला थेट शिक्रा. वरून राखाडी, पोटावर तांबूस आडव्या रेघा, शेपटीवर पट्टे, डोळ्याभोवती पिवळे कडे. उडण्याची ढबही तीच: चार-दोनदा पंख मारायचे आणि तरंगत जायचे. फरक चोचीत आहे. शिक्र्याची चोच आकडीसारखी वाकलेली, पावश्याची तशी नसते.

2023 साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात, सागाचे पानझडी जंगल आणि संत्र्याच्या बागा आहेत. जंगल, बागा, आमराया अशी झाडी पावश्याला मानवते. हिवाळ्यात तो गप्प असल्याने नजरेत भरत नाही. मार्चपासून नर ओरडू लागतो. प्रत्येक हाळीला सूर चढतो, टोकाला पोचून एकदम तुटतो आणि पुन्हा खालून सुरू होतो. ढगाळ दिवसांत आणि चांदण्या रात्रीही हे चालते. मराठी शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते, हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याला ‘पी कहाँ’. पुष्कळ जण यालाच चातक समजतात. चातक मात्र काळा-पांढरा आणि तुरेवाला असतो.

पावशा स्वतःचे घरटे बांधत नाही. त्याची सारी भिस्त सातभाईंवर. सातभाईंची अंडी निळी, पावश्याचेही निळेच. मादी एका घरट्यात बहुधा एकच अंडे घालते आणि सहसा यजमानाचे एक काढून टाकते. सातभाई थव्याने राहतात व पिलांना भरवायला सगळा थवा राबतो. परक्या पिलालाही तो चारा आयता मिळतो. पूर्ण वाढलेला पावशा सुमारे 34 सेंटिमीटरचा, सातभाई जेमतेम 25. त्यामुळे घरट्याबाहेर पडलेले, छातीवर शिक्र्याच्या पिलासारखे ठिपके असलेले थोराड पिलू लहानग्या पालकांकडे तोंड वासून चारा मागताना दिसते.

पावश्याचे मुख्य खाद्य म्हणजे इतर पक्षी सहसा टाळतात ते केसाळ सुरवंट. चोचीत दाबून, झटकून तो सुरवंटाची आतडी बाहेर काढतो आणि मगच गिळतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मोठेच काम.

सातभाई दाट पाल्यात घरटे करतात. तेव्हा धुऱ्यावरची बोरी-बाभळीची झुडपे तोडायचीच असतील, तर निदान विणीचा हंगाम सरेपर्यंत थांबावे.