जुना टेम्पो, खरा दाखला

आपल्या व्यापारी कुटुंबांत जुने वाहन सहसा टाकून दिले जात नाही. ज्या टेम्पोने पडत्या काळात माल वाहिला, ज्या मोटारीतून घरची सून प्रथम उंबऱ्याशी आली, त्यांच्याशी माणसाचे नाते जडलेले असते. शिवाय चालत्या वस्तूला मोडीत काढणे व्यवहारालाही पटत नाही. परंतु वाहन जुने झाले की त्याच्या धुराचा प्रश्न उभा राहतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना घरातील माणसांची परीक्षा होते. गेल्या वर्षी आमच्या घरी हा प्रसंग आला. त्यातून जे समजले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. दुकानाचा डिझेल टेम्पो २०१२ सालचा. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते आणि पासिंगसाठी पीयूसीचा, म्हणजे प्रदूषण नियंत्रणाचा, दाखला चालू असावा लागतो. मी टेम्पो घेऊन तपासणी केंद्रावर गेलो. यंत्राने आकडा दाखविला ३.१०. त्या काळच्या डिझेल वाहनांना मर्यादा २.४५ ची. माझ्या हाती नापासाची चिठ्ठी आली.

केंद्राबाहेर एक गृहस्थ उभे होते. त्यांनी हळूच सांगितले, "शेठ, गाडी आणायचीही गरज नाही. नंबरप्लेटचा फोटो पाठवा, दाखला संध्याकाळपर्यंत मिळेल." हंगामाचे दिवस, गोदामात पोती थप्पीला लागलेली, पासिंगची तारीख चार दिवसांवर. खरे सांगायचे तर मला मोह झाला. घरी येऊन मी अण्णांच्या कानावर ही गोष्ट घातली.

अण्णांनी हिशेबाची वही मिटली आणि विचारले, "आपल्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो. काटा न तपासता कोणी शिक्का मारून देतो म्हणाला, तर घेशील का?"

मी म्हणालो, "अण्णा, काट्याची गोष्ट निराळी. तिथे शेतकऱ्याचे नुकसान होते."

"आणि इथे कोणाचे होते, ते उद्या सकाळी गोदामाच्या दारात उभा राहून पाहा," एवढेच ते बोलले.

गोदामाच्या दारात

दुसऱ्या दिवशी मी पाहिले. टेम्पो मागे घेऊन गोदामाच्या दाराशी लावला जातो, चालक इंजिन चालूच ठेवतो आणि सायलेन्सरचे तोंड नेमके आत येते. पोती भरायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ आमचे हमाल त्या धुरात वाकून ओझे उचलीत असतात. ओझे वाहणारा माणूस श्वास खोल घेतो, म्हणजे धूरही अधिक ओढतो. तीस वर्षे आमच्याकडे काम करणारे हमालमामा दोन खेपांच्या मध्ये भिंतीला हात टेकून खोकत होते. हा खोकला मी अनेक वर्षे ऐकत आलो होतो आणि तो हळदीच्या धुळीचा असावा असे समजून चाललो होतो. काही अंशी तसे असेलही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, हे मला त्यानंतर वाचनात आले. ज्या वर्षी तो निष्कर्ष जाहीर झाला, त्याच वर्षी आम्ही हा टेम्पो घेतला होता.

फोटोवर मिळणाऱ्या दाखल्याने पासिंगचे काम झाले असते. त्या दारातील हवा मात्र तशीच राहिली असती.

आकडा कशाचा?

डिझेल वाहनाच्या तपासणीत धुराचा दाटपणा मोजतात. इंजिन चांगले तापल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतात व सोडतात. असे अनेक वेळा करून सरासरी काढतात. धुरातून प्रकाश किती अडतो, त्यावरून आकडा ठरतो. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना २.४५ पर्यंत, तर स्टेज चारच्या गाड्यांना १.६२ पर्यंत मुभा आहे. म्हणजे जुन्या गाडीला कायद्याने जुन्याच मापाने मोजले जाते. नव्या गाडीइतके स्वच्छ असण्याची अपेक्षा तिच्याकडून नाही. मूळच्या रचनेप्रमाणे ती नीट राखावी, एवढीच अपेक्षा आहे. त्यामुळे 'जुनी गाडी पास होणारच नाही' ही समजूत चुकीची आहे.

यार्डाजवळच्या जुन्या मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि प्रथम एअर फिल्टर काढून माझ्यापुढे धरला. तो पिवळाधमक झाला होता. गोदामाच्या दारात इंजिन चालू ठेवल्याने हळदीची धूळ फिल्टरमध्ये ओढली जात होती. हवा कमी पडली की डिझेल पुरते जळत नाही आणि उरलेल्या कार्बनचा काळा धूर होतो. ज्या सवयीने हमालांच्या छातीत धूर जात होता, तीच सवय इंजिनाचाही श्वास कोंडीत होती.

नवा फिल्टर घातल्यावर आकडा २.६२ वर आला. मग नोझल काढून तपासणीला दिले. दोन नोझल डिझेलचा बारीक फवारा न करता थेंब टाकीत होते. ते बदलले आणि डिझेल पंपाचे माप कंपनीच्या ठरावानुसार लावून घेतले. मागे कोणी 'ओढ वाढावी' म्हणून ते वाढवून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी त्याच केंद्रावर, त्याच यंत्रावर आकडा आला १.७०. पासिंग एक दिवस आधी पार पडले. खर्च झाला, पण पुढील महिन्यांत डिझेलही कमी लागू लागले.

पेट्रोलच्या मोटारीविषयी

अण्णांची कार्बोरेटरची मोटार १९९८ सालची. तिची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. पेट्रोलच्या गाडीत धुराचा रंग पाहत नाहीत. इंजिन आयडलिंगवर ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हे दोन वायू मोजतात. २००० सालापूर्वीच्या अशा मोटारीला पहिल्याची मर्यादा ३ टक्के, दुसऱ्याची १५०० पीपीएम.

एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडून पेट्रोल जास्त झाले की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याची नेहमीची कारणे म्हणजे तुंबलेला फिल्टर, अर्धवट ओढलेला राहिलेला चोक आणि कार्बोरेटरमधील झिजलेले जेट. हायड्रोकार्बन वाढला तर प्लग, प्लगच्या वायरी, पॉइंट आणि टायमिंग तपासावे. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते. काही जण केवळ तपासणीपुरता कार्बोरेटरचा स्क्रू आवळतात आणि नंतर सैल करतात. फार आवळला तर मिश्रण पातळ होऊन ठिणगी चुकते आणि दुसरा आकडा वर जातो. शिवाय हा प्रकार फोटोच्या दाखल्याचाच धाकटा भाऊ होय.

ध्यानात ठेवण्याजोगे

तपासणीपूर्वी गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन तापवावे. थंड इंजिनाचा आकडा वाईट येतो. ऑइल व पाण्याची पातळी पाहावी. सायलेन्सरला भोक नसावे. त्यातून हवा मिसळून आकडा खोटा येतो. काळा धूर हवा-इंधनाचा दोष दाखवितो, तर निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. निळ्या धुराला फिल्टर बदलून उपाय होत नाही, रिंगा व व्हॉल्व्ह सील पाहावे लागतात.

नव्या वाहनाला पहिले वर्ष दाखला लागत नाही. त्यानंतर स्टेज चारच्या आधीच्या वाहनांना दर सहा महिन्यांनी आणि स्टेज चार व सहाच्या वाहनांना दर वर्षी तो घ्यावा लागतो. तो नसल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाहन नापास झाले तर कारण लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी. ती मिस्त्रींना दाखविता येते आणि यंत्राबद्दलच शंका असल्यास दुसऱ्या केंद्रावर तपासणी करून घेता येते. नापासाच्या चिठ्ठीची लाज वाटण्याचे कारण नाही. वैद्याने नाडी पाहून दोष सांगितला तर आपण वैद्यावर रागावत नाही.

आणि हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, हा दाखला म्हणजे सर्वस्व नव्हे. धुरातील अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे वायू या तपासणीत मोजले जात नाहीत. १.७० आकड्याचा धूरही अखेर धूरच आहे. म्हणून आमच्या दुकानात आता एक नियम झाला आहे: टेम्पो गोदामाच्या दाराशी लागला की किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे आणि किल्ली दिवाणजींच्या टेबलावर ठेवायची. माल भरून झाल्यावरच ती परत मिळते. चालकाने प्रथम कुरकुर केली. आता तो स्वतःच किल्ली आणून देतो.

हमालमामांचा खोकला पूर्ण थांबलेला नाही. त्यांना आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे नेले, औषध चालू आहे. इतक्या वर्षांचे देणे एका फिल्टरने फिटत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण परवा माल भरताना ते सहज म्हणाले, "अण्णा, हल्ली दारात एकमेकांचे बोलणे ऐकू येते."

अण्णांनी त्या दिवशी टेम्पोच्या वहीत फिल्टर बदलण्याची पुढील तारीख लिहिली आणि वही काट्याच्या शिक्क्याच्या कागदांबरोबर त्याच कप्प्यात ठेवली.