राक्षस ओळखायचा कुणी?

गावचा सावकार हस्तांदोलन टाळतो, एवढंच सूत्रधार सांगतो आणि टेबलावरचा एक जण ओरडतो, ‘अरे, राक्षस आहे हा!’ नियमांचं पुस्तक त्याने वाचलेलं असतं, त्याच्या पात्राने नाही. खेळाडूला ठाऊक असलेलं पात्राच्या तोंडी घालणं, हेच मेटागेमिंग.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४चा अमेरिकी खेळ; सूत्रधार गोष्ट सांगतो, खेळाडू त्यातली पात्रं वठवतात. त्यातल्या या राक्षसाने नाव आपल्याकडून उचललं; डोकं बहुधा वाघाचं आणि तळहात जिथे हवा तिथे हाताची पाठ. २०१४च्या नियमांत तो जादूने माणसाचं सोंग घेतो, पण ते निव्वळ दृष्टिभ्रम असतं. स्पर्शाला टिकत नाही. नुसतं पाहून ओळखायचं, तर पात्राने आपल्या पाळीतली कृती खर्चून त्याला निरखायचं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात बुद्धी आणि तपासाचे गुण मिळवायचे. बेरीज किमान १८ भरली, तरच बिंग फुटतं.

संशय घ्यायला हरकत नाही. फक्त त्याचं कारण पात्राच्या जगातलं हवं. ‘माझी आजी अशा बहुरूप्यांच्या गोष्टी सांगायची’ हेही चालतं, पण ते आधी कधीतरी बोललेलं असावं. ऐन वेळी उगवलेली आजी कुणालाच पटत नाही. मुरलेले खेळाडू तर सावकाराला खुशाल जेवायला बोलावतात.

सूत्रधाराकडेही उतारा असतो: खूणच बदलायची. तळहात सरळ, सावली मात्र वाघाची. पाठांतरवाले हमखास गडबडतात.