मामाची मुलगी

आपल्याकडं पुष्कळ जातींत मामाची मुलगी करतात. तिच्यावर भाच्याचा पहिला हक्क, असं म्हातारी माणसं म्हणत. हेच उत्तर हिंदुस्थानात बोलून पाहा! तिकडच्या बहुतेक हिंदू घरांत मामाची मुलगी म्हणजे बहीण. ऐकणारा कानांवर हात ठेवील. मग शहाणे कोण? ते की आपण?

पुण्याच्या इरावती कर्वे बाईंनी असा निवाडा केला नाही. त्या प्रांतोप्रांती हिंडल्या. कुठं कुणाशी सोयरीक होते, नात्यांना काय म्हणतात, हे विचारून त्यांनी लिहून घेतलं. १९५३ साली त्याचं इंग्रजीत पुस्तक झालं. या विद्येला मानववंशशास्त्र म्हणतात.

आम्ही म्हणतो, आपलं घरच पाहा. जुन्या वळणाची सून सासूला आत्याबाई म्हणते. का? मामाच्या मुलीला नवऱ्याची आई ही आत्याच की!